नारळसुद्धा व्हय म्हणाला

नाथाजी सुभेदारांनी अठ्ठावीस वर्षं फौजेच्या सिग्नल्समध्ये काढली. इकडचा आवाज तिकडं पोचवायचा, मधे काही गळू द्यायचं नाही, मधे काही शिरू द्यायचं नाही, एवढंच काम. ते त्यांनी इमानानं केलं. घरी हे कसब वापरायची वेळ आली नाही. घरात एकच आवाज होता आणि तो आष्ट्याच्या निम्म्या पेठेला तारेशिवाय ऐकू जायचा.

खरं तर ते नायब सुभेदार. ‘नायब’ हा शब्द निवृत्तीच्या सत्काराच्या फ्लेक्सवर मावला नाही आणि पुढं कुणाला लागला नाही. त्यांनाही नाही.

निवृत्तीनंतर ते कुपवाडला विजेच्या मोटारींची पॅनेल बनवणाऱ्या एका शेडमध्ये तपासनीस म्हणून लागले. रोज सकाळी दुचाकीवरून निघायचे, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आवळायचे आणि रस्त्यात बिनहेल्मेटचा जो दिसेल त्याच्याकडं शत्रूकडं पाहावं तसं पाहायचे. शेडमधले कामगार त्यांना बघून उभे राहायचे. घरी उभं राहायला मनुबाई होत्या.

मनुबाईंबद्दल सांगण्यासारखं फार नाही, असं भावकीचं एकमत होतं. ‘कवा उलट बोलली न्हाई’ हे त्यांचं प्रशस्तिपत्रक. ते बारशापासून तेराव्यापर्यंत कुठंही वाचून दाखवलं जायचं. नवरा सीमेवर, सासू अंथरुणावर, गोठ्यात दोन म्हशी, पदरात एक मुलगी. नवरा सुट्टीवर आला की प्रश्न विचारायचा. प्रश्न असे, की उत्तर त्यांच्या शेपटीला बांधूनच यायचं.

“मटण आणलंय, करतीस न्हवं?”

“व्हय.”

“पूजाला साताऱ्यात दिली, झ्याक झालं न्हवं?”

“व्हय.”

अडतीस वर्षांचा संसार असा एका शब्दावर उभा होता, आणि नाथाजींच्या मते तो मजबूत होता.

चार वर्षांपूर्वी मनुबाईंच्या हातून चहाचा कप पडला. मग ताट पडलं. मग चालताना त्या स्वतः पडल्या. मग शब्द जड झाले, ओले झाले, आणि एक दिवस आलेच नाहीत. सांगलीच्या डॉक्टर भार्गवी यांनी आजाराचं नाव सांगितलं. मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत नेणाऱ्या नसा एकेक करून मरतात. आतलं माणूस मात्र पूर्ण जागं राहतं. नाथाजींना हे लगेच कळलं.

“म्हंजे एक्सचेंज शाबूत हाय, लाइन गेलीया.”

“इतकं नेमकं मलाही सांगता आलं नसतं,” डॉक्टर म्हणाल्या.

हे वाक्य नाथाजींनी पुढं खूप जणांना ऐकवलं. आजाराचं पुढं काय होणार, तेही डॉक्टरांनी त्याच दिवशी सांगितलं होतं. ते त्यांनी कुणाला ऐकवलं नाही.

शेवटी फक्त पापण्या राहिल्या, त्याही अर्ध्या उतरलेल्या. उघडायच्या तर बोटानं वर कराव्या लागत. त्या कधीमधी थरथरायच्या आणि त्या थरथरीचा अर्थ जो तो आपापल्या सोयीनं काढायचा. नाथाजींचे धाकटे चुलतभाऊ आप्पासो एका प्रतिष्ठानचे अध्यक्ष होते. ते कॉटशेजारी खुर्ची ओढून विचारायचे, “वैनी, गणेशोत्सवाला आपल्या दारात मंडप घालू न्हवं?” पापणी हलायची. “वैनी व्हय म्हणाली,” आप्पासो जाहीर करायचे. मंडप पडायचा. त्या वर्षी मनुबाईंनी दारातला मंडप, गल्लीतला स्पीकर आणि प्रतिष्ठानची नवी कार्यकारिणी एवढ्या गोष्टींना पापणीनं मंजुरी दिली.

डॉक्टर भार्गवी मात्र पापणी मानायला तयार नव्हत्या.

“श्वासाचा मास्क आता फार दिवस पुरणार नाही,” त्यांनी नाथाजींना खोलीबाहेर बोलावून सांगितलं. “गळ्याला छेद देऊन नळी घालता येईल, कायमचं मशीन लावता येईल. काही वर्षं मिळतील. पण ती अशीच असतील, पडून. ती हवीत की नकोत, हे मी त्यांच्याकडून ऐकणार.”

“मी सांगतोय न्हवं? नवरा हाय मी तिचा.”

“म्हणून तर तुमच्याकडून नको.”

नाथाजींना राग आला. पण रागाच्या खाली हुकूम ऐकायची जुनी सवय होती. लाइन गेलीय, मग दुसरी लाइन टाकायची.

ती लाइन पूजानं शोधली. पूजा, त्यांची एकुलती एक मुलगी, साताऱ्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. तिला इंटरनेटवर एक सॉफ्टवेअर सापडलं. डोक्यावर तारांची टोपी घालायची. मेंदूतून झिरपणारी बारीकशी वीज टोपी पकडते. सॉफ्टवेअर ती तिथल्या तिथं, त्या क्षणी वाचतं. त्यातला एक प्रकार डोळे न उघडणाऱ्यांसाठी होता. एका कानात ‘होय’ वाजतं, दुसऱ्या कानात ‘नाही’, आलटूनपालटून, तीस-तीस वेळा. आपलं उत्तर जे असेल तेवढंच आजाऱ्यानं मनात मोजायचं. जे आपण मोजतो ते कानावर पडलं की मेंदू जरासा दचकतो. तो दचका सॉफ्टवेअर ओळखतं आणि पडद्यावर उत्तर लिहितं.

“कंपनी कुठली?” आप्पासोंनी विचारलं.

“कंपनी न्हाई, काका. जगभरातली माणसं मिळून लिहितात. कोड सगळ्यांना उघडा असतो. कुणीही वाचावा, सुधारावा, वापरावा. फुकट असतं.”

“फुकट?” आप्पासोंचा चेहरा पडला. “मग त्यात काय दम असणार? आन बिघडलं तर कुणाच्या नावानं बोंब मारायची?”

नाथाजींनी सॉफ्टवेअरसोबतचा करारनामा पूजाकडून वाचून घेतला होता. त्यात लिहिलं होतं की या वस्तूची कसलीही हमी कुणीही देत नाही, काही झालं तर जबाबदार कुणी नाही. त्यांना हे आवडलं. एवढा खरेपणा त्यांना भरती झाल्या दिवशीही कुणी दाखवला नव्हता.

टोपी मागवली, सर्किट मागवलं. मग नाथाजींनी जी मोहीम काढली तिला तोड नव्हती. मनुबाईंच्या केसांतलं तेल पूजानं तीन पाण्यांनी धुऊन काढलं. घरातल्या विजेचा गुणगुणाट टोपीत शिरत होता, म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-पाणी ओतलं, फ्रिज बंद, पंखा बंद. तरी पडद्यावर खरखर. नाथाजी कानोसा घेत गल्लीत गेले आणि पिठाच्या गिरणीपाशी थांबले.

“तासभर गिरणी बंद ठेवायची,” त्यांनी गिरणीवाल्या दादासोला फर्मावलं.

“का वो, सुभेदार?”

“आमच्या घरातनं सिग्नल यायचा हाय.”

दादासोनं गिरणी बंद केली. दळण घेऊन आलेल्या बायकांना त्यानं सांगितलं, सुभेदाराच्या घरात मिल्ट्रीचं काहीतरी चाललंय.

मग आवाज. सॉफ्टवेअरमधले शब्द इंग्रजीत होते. आपल्या भाषेतले शब्द आपणच रेकॉर्ड करून घालायचे, अशी सोय होती. नाथाजी लॅपटॉपसमोर ताठ उभे राहिले, छाती भरून घेतली आणि परेडवर हाक द्यावी तसा ‘व्हय!’ घातला. खिडकीवरचं कबूतर उडालं. ‘न्हाई’ची पाळी आली तेव्हा त्यांनी कॉटकडं पाहिलं. आवाज आपोआप खाली आला. ‘न्हाई’ त्यांनी असा म्हटला, जसा कुणाच्या पिशवीत चुकून हात जावा आणि तो पटकन काढून घ्यावा.

सॉफ्टवेअरला आधी शिकवावं लागतं. सूचनेत लिहिलं होतं की आजाऱ्याला पंधरा मिनिटं ‘होय’ मोजायला सांगा आणि पंधरा मिनिटं ‘नाही’ मोजायला सांगा. दोन्हींचा दचका त्याला ओळखू द्या. पूजा हे वाचून दाखवून साताऱ्याला शाळेवर परत गेली. नाथाजींनी सूचनेतलं पहिलं अर्धं केलं आणि दुसऱ्यापाशी थांबले.

आजारी माणसाला पंधरा मिनिटं ‘न्हाई, न्हाई’ जपायला लावायचं? आपल्याच घरात, भरल्या दुपारी? ज्या मुलखात बांगडी फुटत नाही, वाढते. कुंकू संपत नाही, वाढतं. निघालेला माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो, तिथं हे कोण करणार? सूचना लिहिणाऱ्यांच्या घरी तसली काही पद्धत नसावी. नाथाजींनी अर्धा तास पुरता ‘व्हय’च मोजून घेतला. सॉफ्टवेअरनं निमूट मान्य केलं. फुकटची वस्तू बिचारी, तिला कसला आवाज.

मग परीक्षा.

“तुझं नाव मनुबाई हाय का?”

हे विचारताना ते क्षणभर अडखळले. अडतीस वर्षांत त्यांनी ते नाव बायकोसमोर कधी उच्चारलं नव्हतं. ‘अगं ए’ एवढ्यावर भागलं होतं. पडद्यावर उत्तर आलं: व्हय. खात्री चौऱ्याण्णव टक्के.

“आपलं गाव आष्टा?” व्हय. “पूजा आपली लेक?” व्हय. “मी नाथाजी?” व्हय.

ज्याचं उत्तर ‘न्हाई’ यावं असा प्रश्न त्यांना सुचलाच नाही. सुचायची सवय नव्हती.

मग त्यांनी घसा खाकरून मोठा प्रश्न विचारला. “गळ्याचं ऑपरेशन करायचं न्हवं?”

व्हय. चौऱ्याण्णव टक्के.

तीन दिवस तीनदा विचारलं, तिन्ही वेळा व्हय. नाथाजींनी व्हिडिओ काढून डॉक्टरांना पाठवले. “गुरुवारी दाखल करा,” डॉक्टरांनी कळवलं. “ऑपरेशनआधी मी स्वतः एकदा विचारीन.”

“खुशाल विचारा,” नाथाजी म्हणाले. उत्तर त्यांना माहीत होतं.

बातमी आप्पासोंना कळली आणि चौकात फ्लेक्स लागला. ‘अखेर बोलल्या मनुबाई!’ वर आप्पासोंचा फोटो, हात जोडलेला, पाण्याच्या टाकीएवढा. खाली कोपऱ्यात टोपीतल्या मनुबाई, पासपोर्टएवढ्या. रविवारी घरीच सत्कार झाला. मनुबाईंच्या पांघरुणावर शाल पडली. नारळ हातात देता येईना, म्हणून तो त्यांच्या पोटावर ठेवला गेला आणि श्वासाबरोबर वरखाली होत राहिला. आप्पासोंनी भाषण केलं, की आपल्या मातीतल्या बाईनं विज्ञानालाही होकार दिला. मग प्रात्यक्षिक झालं.

“वैनी, आमचं काम कसं वाटतंय? समाधान हाय न्हवं?”

व्हय. टाळ्या. गर्दीत मागं उभ्या असलेल्या दादासोनंही टाळ्या वाजवल्या. त्याची गिरणी त्या आठवड्यात चौथ्यांदा बंद होती.

त्याच संध्याकाळी नाथाजींनी अभिमानाच्या भरात एक गोष्ट केली. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांची एक चावडी इंटरनेटवर होती. तिथं लोक आपापली मोजणी उघड्यावर ठेवत आणि इतर ती तपासत. नाथाजींनी आपल्या सगळ्या फायली तिथं चढवल्या आणि फौजी इंग्रजीत लिहिलं, की पेशंट होय म्हणते आहे, मेहेरबानी करून पाहावं. त्यांना शाबासकी हवी होती. दुनियेकडून.

सोमवारी कुपवाडला चहाच्या सुट्टीत उत्तर आलं. फिनलंडमधली आयनो नावाची कुणी बाई. तिनं रात्र जागून फायली पाहिल्या असाव्यात. भाषांतर करणाऱ्या अॅपमधून नाथाजींनी ते वाचलं, तेव्हा बशीतला चहा बशीतच राहिला.

आयनोनं लिहिलं होतं: तुमचा ‘होय’ हा तुमच्या ‘नाही’पेक्षा कितीतरी मोठ्यानं आहे. शिकवणीत तुम्ही फक्त ‘होय’ शिकवला आहे. शिवाय हेडफोनची तार टोपीच्या तारांना खेटून गेलेली दिसते. मोठा आवाज एका तारेतून दुसरीत उतरतो आहे. सॉफ्टवेअर बहुधा तो उतरलेला आवाज वाचतं आहे, त्या बाईंचा मेंदू नाही. मी चुकत असेन तर आनंदच वाटेल. खात्रीसाठी टोपी एखाद्या ओल्या निर्जीव वस्तूवर घाला, कलिंगड चालेल, आणि तोच प्रश्न विचारा.

एका तारेतला आवाज दुसरीत उतरतो. अठ्ठावीस वर्षं ते रंगरूटांना हेच सांगत आले होते. यासाठी त्यांनी माणसांना पळायच्या शिक्षा दिल्या होत्या. आता हे त्यांना फिनलंडची एक बाई सांगत होती, तेही सगळ्या जगासमोर. उघड्या सॉफ्टवेअरची ही एक गोष्ट त्यांना कुणी आधी सांगितली नव्हती: त्यात आपली चूकसुद्धा उघडी राहते.

घरी कलिंगड नव्हतं. सत्काराचा नारळ होता. नाथाजींनी आंघोळीचा पंचा मिठाच्या पाण्यात भिजवून नारळाभोवती गुंडाळला, डोक्याएवढा केला, स्टुलावर ठेवला आणि त्यावर टोपी चढवली. हेडफोन लावला, आधी लावायचे तसाच. मनुबाई पलीकडं मास्कमधून श्वास घेत होत्या. नाथाजी नारळासमोर उभे राहिले.

“गळ्याचं ऑपरेशन करायचं न्हवं?”

पडद्यावर आकडे फिरले. व्हय. एक्याण्णव टक्के.

“तुझं नाव मनुबाई हाय का?”

व्हय.

त्यांनी टोपी काढली. नारळ देवापुढं ठेवला. मंगळवारी हेल्मेट घालून ते नेहमीसारखे कामावर गेले आणि नेहमीसारखं पॅनेल तपासत राहिले. एका पॅनेलमध्ये दोन तारा खेटून गेल्या होत्या म्हणून त्यांनी ते परत पाठवलं. कुणाला काही बोलले नाहीत. आष्ट्यात आयनोला ओळखणारं कुणी नव्हतं. गुरुवारी डॉक्टर विचारतील, मशीन व्हय म्हणेल, छेद पडेल, मनुबाई राहतील. या सगळ्यात खोटं कुठं होतं? मशीनला कुणी शिकवलं नव्हतं खोटं. शिकवलं होतं ते फक्त ‘व्हय’, आणि ते काय वाईट?

बुधवारी सकाळी आईला दवाखान्यात न्यायला पूजा आली. देवापुढं नारळ, त्याला वाळलेल्या मिठाचे पट्टे आणि शेंडीत चिकटलेलं टोपीचं जेल.

“पप्पा, ह्ये काय?”

नाथाजी काहीतरी थाप मारणार होते. पण समोर विज्ञानाची बाई होती.

“नारळ व्हय म्हणाला,” ते म्हणाले.

सगळं ऐकता ऐकता पूजानं शेंडीतलं जेल नखानं खरवडून काढलं. मग म्हणाली, “मग आई काय म्हणती?”

“ठावं न्हाई.”

“आन उद्या तिला नेणार होता तुमी.”

“नेणार होतो.”

“नारळाच्या सहीनं.”

“आप्पासोच्या पापणीपरीस बरी हाय की,” नाथाजी ओरडले. मग त्यांचा आवाज, ‘न्हाई’ म्हणताना गेला होता तसाच, खाली गेला. “आन न्हाई म्हणाली तर गं?”

 पूजानं डॉक्टरांना फोन लावला आणि दोन दिवस मागून घेतले.

मशीन पुन्हा शिकवायचं होतं. त्यासाठी एकसारख्या आवाजातला ‘व्हय’ आणि ‘न्हाई’ हवा होता. नाथाजींनी बारा वेळा प्रयत्न केला. लॅपटॉपवर आवाजाची रेघ दिसायची. ‘व्हय’ टेकडीसारखा, ‘न्हाई’ बांधासारखा. पूजाचे दोन्ही शब्द रडवेले आले. तेवढ्यात आप्पासो आले आणि माइक बघून थांबले. त्यांनीही आवाज दिला, पण त्यांच्या ‘व्हय’आधी ‘उपस्थित बंधू-भगिनींनो’ आलं, आणि ‘न्हाई’ त्यांनी विरोधी गटाला उद्देशून म्हटला. व्हय आणि न्हाई दोन्ही सारख्या वजनानं म्हणू शकेल असं एकही माणूस भावकीत निघालं नाही.

“आईचाच आवाज घालू,” पूजा शेवटी म्हणाली. तिच्या फोनवर आईचे जुने व्हॉट्सअॅप संदेश होते, वाचा जाण्याआधीच्या दोन वर्षांतले. मनुबाईंना लिहायचा कंटाळा. त्या बोलून पाठवायच्या. “पण पप्पा, ते तुमाला ऐकाय लागतील. तारांचं तुमाला कळतं, कुठला तुकडा स्वच्छ हाय ते.”

“ऐकतो की. त्यात काय.”

दोनशे अकरा संदेश होते. नाथाजी हेडफोन लावून बसले. ‘व्हय’ सहज सापडला. ‘न्हाई’साठी पुढं जावं लागलं, आणि पुढं ‘न्हाई’च ‘न्हाई’ होते.

“न्हाई गं, मला न्हाई आवडत मटण. वास सुदिक सोसत न्हाई. करती, त्येंच्यासाठी.”

“न्हाई, तुला साताऱ्याला द्यायची माझी विच्छा न्हवती, लय लांब. कुणी इच्यारलं मला?”

“आप्पासोभावजी आलं हुतं. निस्ती बडबड. काय सांगायचं, तुझं पप्पा आन त्ये समोरासमोर बसलं की दोन गिरण्या चालू झाल्यागत वाटतंया.”

“न्हाई, त्येंना सांगू नगंस. सांगितलं तर ऐकणार न्हाईत. त्येंचं कान बाहीरच्या तारांचं हायती.”

नाथाजींनी शिस्तीनं नोंद केली: संदेश क्रमांक सत्त्याण्णव, ‘न्हाई’ स्वच्छ, मागं कुकरची शिट्टी नाही. संदेश क्रमांक एकशे चार, उत्तम. दोन तास ते हलले नाहीत. हेडफोन काढले तेव्हा कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“सापडला?” पूजानं विचारलं.

“लय सापडलं,” नाथाजी म्हणाले.

या वेळी हेडफोनची तार त्यांनी कॉटच्या पलीकडून फिरवून आणली. दोन्ही शब्द एका उंचीचे केले. आधी नारळाला विचारलं. नारळ कधी इकडं, कधी तिकडं, पन्नास टक्क्यांवर घुटमळत राहिला. त्याला काही मत नव्हतं. मग मनुबाईंच्या कानात मनुबाई बोलू लागल्या. पंधरा मिनिटं ‘व्हय’ मोजून झाले. दादासोची गिरणी बंद, पंखा बंद, आणि नाथाजींनी सूचनेतलं दुसरं अर्धं वाक्य मोठ्यानं वाचलं: “आता न्हाई मोज.” अपशकुन व्हायचा तो होऊ दे.

शुक्रवारी डॉक्टर भार्गवी सांगलीहून स्वतः आल्या आणि त्यांनीच प्रश्न घेतले.

“तुमचं नाव पूजा आहे का?” न्हाई. ब्याऐंशी टक्के.

“तुमचं नाव मनुबाई?” व्हय. एकोणऐंशी.

“हे गाव सांगली?” न्हाई.

चौऱ्याण्णव कुठंच नव्हतं. खऱ्या उत्तराचा आकडा जरा कमी असतो. डॉक्टरांनी मनुबाईंच्या खांद्यावर हात ठेवला, गळ्याचा छेद, नळी, मशीन, वर्षं, सगळं सावकाश सांगितलं. मग विचारलं, “मनुबाई, हे करायचं का?”

साठ शब्द वाजेपर्यंत दोन मिनिटं लागतात. नाथाजी पडद्याकडं पाठ करून उभे होते. लाइनीवर चांगली बातमी नसली की ते पूर्वीही तसेच उभे राहत.

न्हाई. एक्याऐंशी टक्के.

डॉक्टरांनी शनिवारी विचारलं, सोमवारी विचारलं. एकदा प्रश्न उलटा करून विचारला: “ऑपरेशन न करता आहे तसं, फक्त त्रास कमी करत राहायचं का?” व्हय. त्या दिवशी कागदावर ऑपरेशनच्या रकान्यात आडवी रेघ पडली. मास्क राहील, औषधं राहतील, डॉक्टर येत राहतील. किती दिवस, हे मशीनला विचारण्यासारखं नव्हतं.

आप्पासो ऐकून हळहळले. “चांगलं चाललं हुतं की वो मशीन! परत्येक गोष्टीला व्हय म्हणत हुतं. उगं हात लावलासा.”

“दुरुस्त केलं, आप्पासो.”

“ह्येला दुरुस्त म्हणत्यात? फुकटच्या मालाचं असंच व्हतं. मी कंपनीचं आणून देतो, गॅरंटीचं.” आणि खात्री करून घ्यावी म्हणून ते कॉटकडं वाकले. “वैनी, फ्लेक्स ऱ्हाऊ दे न्हवं चौकात?”

न्हाई. अठ्ठ्याऐंशी टक्के. त्या आठवड्यातला सगळ्यात मोठा आकडा.

फ्लेक्स तरी महिनाभर राहिला. मशीन बिघडल्याचं गल्लीत सगळ्यांना ठाऊक झालं. ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या त्यांनीच एकमेकांना सांगितलं. नाथाजींनी आयनोला एकच ओळ लिहिली, की तुम्ही चुकत नव्हता. तिनं सॉफ्टवेअरच्या सूचनांमध्ये एक परिच्छेद जोडला: शिकवणीआधी टोपी नारळावर घालून पाहावी. खाली कंसात, सुभेदार, आष्टा. ‘नायब’ तिथंही मावला नाही. पुढं कुठल्या कुठल्या देशांतली माणसं नारळाला प्रश्न विचारत असतील, त्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

नाथाजींनी कामावरून सुट्टी घेतली. आता ते रोज सकाळी, गिरणी सुरू व्हायच्या आत, मनुबाईंना टोपी घालून प्रश्न विचारायचे. अडतीस वर्षांचे प्रश्न साठले होते आणि या वेळी शेपटीला उत्तर बांधलेलं नव्हतं.

“सकाळची भक्तिगीतं लावू का?” न्हाई.

“कमी आवाजात?” न्हाई.

“खिडकी उघडू?” व्हय.

“मटण करायचं बंद केलं घरात. बरं झालं का?” व्हय. नव्वद टक्के.

“पूजाला साताऱ्यात दिली, त्ये चुकलं का माझं?” या प्रश्नाला पडद्यावर बराच वेळ काही ठरेना. मग न्हाई आलं, त्रेपन्न टक्के, म्हणजे नारळाहून जरासंच वर. नाथाजींनी ते पुन्हा विचारलं नाही.

एका सकाळी ते बोलत बसले. मशीनबद्दल, आयनोबद्दल, आप्पासोच्या नव्या फ्लेक्सबद्दल, कुपवाडच्या शेडमध्ये त्यांच्या जागी आलेला माणूस तारा कशा बांधतो त्याबद्दल. बोलता बोलता त्यांना संदेशातल्या दोन गिरण्या आठवल्या. ते मधेच थांबले. घसा खाकरला नाही, छाती भरून घेतली नाही.

“मी आता गप बसू का?”

‘व्हय’ आणि ‘न्हाई’ तीस-तीस वेळा वाजले, दोन्ही तिच्याच आवाजात, दोन्ही एका उंचीचे.

व्हय. शहाण्णव टक्के.

नाथाजींनी लॅपटॉपचा आवाज बंद केला, स्टूल कॉटला टेकवून ठेवलं आणि बसले. खिडकीतून गिरणी सुरू झाल्याचं ऐकू आलं. ते उठले नाहीत, तिला बंदही करायला गेले नाहीत.